स्कूटरच्या बॅटरीवर अक्कांनी केलेला चार्जर

ऐन आयुधपूजेच्या दिवशी अक्कांनी पूजा मोडली होती. माझ्या फोनसाठी.

त्या अक्का आज सकाळी गेल्या.

म्हैसूरला हूटगळ्ळीत आमच्या शेजारी राहायच्या. रिटायर्ड फिजिक्स लेक्चरर. घराणं मराठी, पण पिढ्यान् पिढ्या तिथलंच, त्यामुळे मराठीत अर्धं कन्नड. घरातला मिक्सर बिघडलेला असेल, पण मल्टिमीटर कायम टकाटक.

मागच्या दसऱ्यात पावसाने झाड पडलं. तारा तुटल्या, रस्ता बंद. आदल्या दिवसापासून लाइट नाही, पॉवरबँकही संपलेली.

आणि कोल्हापुरात बाबा आयसीयूमध्ये.

भाऊ म्हणाला, "दुपारी थोडा वेळ बोलू देतील. फोन जवळ ठेव."

तेवढं ऐकलं आणि फोन बंद पडला.

मी रडतच अक्कांकडे गेले. पक्कड, स्क्रूड्रायव्हर, मल्टिमीटर, सगळं कुंकू लावून देवीपुढे मांडलेलं. दारात स्कूटरला हार. पूजेतली हत्यारं दुसऱ्या दिवसापर्यंत हलवायची नाहीत, हा त्यांच्या घरचा कडक नियम.

"अय्यो, रडतीस कशाला? सुम्ने बस इथं, गप्प."

मग देवीकडे वळून म्हणाल्या, "तायी, स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी." म्हणजे, आई, जरा सांभाळून घे.

आणि पक्कड उचलली.

"अक्का, पूजा..."

"पूजा कामाचीच की ग. काम आलंय, त्याला बसवून ठेवू काय?"

स्कूटरची बॅटरी काढली. बारा व्होल्टचे पाच करायला डब्यातून एक रेग्युलेटर शोधला. तो तापतो, म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या झाकणावर स्क्रूने आवळला. सोल्डरिंगला करंट कुठला? स्क्रूड्रायव्हर गॅसवर तापवून डाख दिला. जुनं यूएसबी सॉकेट जोडलं.

मल्टिमीटरवर बरोबर पाच व्होल्ट. तरी फोन ढिम्म.

अक्कांनी सॉकेटच्या मधल्या दोन पिना एकमेकींना जोडल्या.

"आता पटतंय बघ त्याला, हा चार्जरच आहे म्हणून."

स्क्रीन उजळली. आम्ही दोघी ओरडलोच!

थोड्या वेळाने भावाचा कॉल आला. त्याने फोन बाबांच्या कानाला लावला.

"जेवलीस का ग? सणाचं काही गोड केलंस?"

आवाज अगदी खोल गेलेला. मी बोलत होते तेवढा वेळ अक्का झाकणावर बोट ठेवून बसल्या होत्या, फार तापतंय का बघत.

बाबा त्याच आठवड्यात गेले. ते आमचं शेवटचं बोलणं.

अक्का, ते तुमच्यामुळे झालं. पण थँक्यू म्हणायला गेलं की तुम्ही चिडायचात, "गप्प बस ग" म्हणून उठून जायचात. एकदाही म्हणू दिलं नाहीत.

आज अडवायला तुम्ही नाही.

थँक्यू, अक्का. नीट जा.