सुटलेला टाका

कुणी नवं पोलकं घालून दाखवायला गेलं, की मावशी ते सुलट बाजूने बघतच नसत. बाहीची कड बोटांनी उलटी करायची, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचं, "आतून दाव, बाय. वरून तं कोणी पन नीट करील."

तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल. तिच्यासमोर आपण उगाच पदर सावरून बसतो.

आम्ही तेव्हा बोईसरला नवीन होतो. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चाललं होतं आणि माझे यजमान तिथे ड्राफ्ट्समन होते. कॉलनीतले क्वार्टर अजून मिळायचे होते, म्हणून स्टेशनजवळ दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. शेजारची एक खोली मावशींची. त्या मूळच्या दातिवऱ्याच्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. शिवणावर पोट. हातमशीन आईच्या वेळचं, ते पार झिजलं, तेव्हा त्यांनी पालघरच्या दुकानातून नवं आणलं. काळं, सोनेरी वेलबुट्टीचं. त्याला हळदकुंकू वाहून मावशींनी आम्हा सगळ्या बायकांच्या हातावर साखर ठेवली.

महिन्याभराने पलीकडच्या घरात लग्न निघालं. नवरीचं पोलकं मावशींनीच शिवलं होतं. अक्षता वाटून झाल्या, मुलगी बोहल्याकडे निघाली आणि हात वर करताच खांद्यावरची शिवण टरकन उसवली. तिची आई रडायलाच लागली. मावशींनी मुलीला आतल्या खोलीत नेलं, तिच्या दातांत एक काडी धरायला दिली, कारण अंगावरचा कपडा तसाच शिवू नये म्हणतात, आणि उभ्या उभ्या टाके घातले. मुलगी वेळेवर उभी राहिली.

त्या दिवशी मावशी जेवायला थांबल्या नाहीत. मी घरी आले तर त्या मशीनपुढे कान लावून बसल्या होत्या. एका हाताने चाक फिरवत होत्या.

"आयक," त्या म्हणाल्या. "टाका सोडायच्या आदी ही हुंदका देते."

मला काही ऐकू आलं नाही. मशीन मला मशीनसारखंच वाजत होतं.

दुसऱ्या दिवसापासून त्या घरोघर फिरल्या. नव्या मशीनवर शिवलेला एकूण एक कपडा परत मागून आणला आणि प्रत्येक शिवणीवर हाताने उलटी टीप घालायला बसल्या. आठ दिवस दुसरं काम घेतलं नाही. मी म्हटलं, "मावशी, जे उसवले नाहीत ते कशाला?"

"उसवले नाय म्हनून चांगले झाले, असं थोडंच हाय?"

शेवटचा कपडा परत दिला आणि मग त्या मशीन घेऊन पालघरला निघाल्या. मी सोबत गेले. दुकानदाराने गॅरंटीचा कागद उघडलाही नाही. "पाडलं असणार तुम्ही," तो म्हणाला. "ठेवून जा. मुंबईचा मेकॅनिक कधी आला तर बघेल."

मला वाटलं आता भांडण होणार. मावशींनी फक्त विचारलं, "तो येईपतुर मी हितं बसले तं चालंल?" आणि उत्तराची वाट न बघता दुकानाच्या पायरीवर फतकल मारली. पिशवीतून पांढऱ्या मांजरपाटाची लांब पट्टी काढली आणि त्याच मशीनवर शिवायला सुरुवात केली. जिथे टाका सुटेल तिथे लाल दोऱ्याची गाठ.

रोज सकाळच्या गाडीने जायचं, दुपारच्या गाडीने यायचं. मशीन डोक्यावर. चौथ्या दिवशी मी पुन्हा गेले तेव्हा पट्टी पायरीवरून खाली लोळत होती आणि तिच्यावर लाल गाठी माळेसारख्या दिसत होत्या. गिऱ्हाइकं थांबून विचारत. मावशी चाक फिरवून दाखवत, बोलत काहीच नसत.

दुकानदार बाहेर आला. "बाई, धंदा बसवाल माझा."

"मी तुमचं वंगाळ कोनाला सांगत नाय, शेठ. इचारतात, तं दावते."

त्याच दिवशी त्याने मुंबईला फोन लावला असावा, कारण दोन दिवसांनी मी सोबत गेले, तेव्हा मेकॅनिक आला होता. चष्म्याला दोरी बांधलेला, कमी बोलणारा म्हातारा माणूस. त्याने मशीन काउंटरवर घेतलं, पट्टी सुईखाली घातली आणि चाक फिरवू लागला. मावशी त्याच्याकडे पाठ करून रस्त्याकडे बघत उभ्या होत्या.

"आता," त्या म्हणाल्या.

म्हाताऱ्याने वाकून पाहिलं. टाका सुटला होता.

तो पुन्हा फिरवू लागला. मावशी गप्प. बराच वेळ गेला. "आता." पुन्हा सुटला. सात-आठ वेळा असं झालं, एकदाही चूक नाही. रस्त्यावरून बैलगाडी गेली, तिचा खडखडाट विरेपर्यंत मेकॅनिक चाक धरून थांबला, मग पुन्हा चाक फिरवलं. "आता."

त्याने मशीन खोललं. "सुईचा दांडा कारखान्यातच तिरका बसलाय, केसभर," तो दुकानदाराला म्हणाला. मग मावशींकडे वळला. "बाई, मला हे खोलल्यावर दिसलं. तुम्हाला कसं कळलं?"

"रोज हिच्यासंगं बसते ना."

दुकानदाराने मुकाट्याने नवं मशीन काढलं. मावशींनी त्यावर हातभर शिवलं, उलटं करून पाहिलं, मान हलवली. मी पिशवी उचलली. मावशी मात्र जागच्या हलल्या नाहीत.

"हिचं काय करनार?" त्यांनी त्या बिघडलेल्या मशीनकडे बोट केलं.

"ते आमचं आम्ही बघू," दुकानदार म्हणाला.

"दुसरी कोन बाय घेऊन जाईल."

गाडीची वेळ झाली होती. मी त्यांचा पदर ओढला. "चला मावशी, आपलं काम झालं ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, पण इतक्या वर्षांनीही ते पाहणं आठवलं की मान खाली जाते.

गाडी गेली. मावशी उभ्याच. शेवटी मेकॅनिकनेच दांडा बाहेर काढला, आपल्या पेटीतल्या छोट्या ऐरणीवर धरला आणि हातोड्याने वाकवून टाकला. मग दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला. मावशींनी तो निरखून पाहिला आणि त्याला परत दिला. नवं मशीन डोक्यावर घेतलं आणि म्हणाल्या, "चल बाय, भूक लागली असंल तुला."

पुढे आम्हाला कॉलनीत क्वार्टर मिळाला. मावशी काही काळाने दातिवऱ्याला भाच्याकडे गेल्या असं कळलं. जाऊन भेटेन म्हणत राहिले. संसारात ते राहूनच गेलं.

बऱ्याच वर्षांनी मुलीसाठी मशीन घ्यायला मी त्याच दुकानात गेले. दुकानदाराचे केस पांढरे झाले होते. त्याने मला ओळखलं नाही. मशीन काढून समोर ठेवलं, दोरा ओवला, कापडाचा एक तुकडा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "आधी चालवून बघा. पाहिजे तेवढा वेळ घ्या."

मी मावशींचं नाव घेतलं.

"गेल्या त्या. शिमग्याच्या आधी," तो म्हणाला. "मी गेलो होतो दातिवऱ्याला."

त्याने माझ्यासाठी स्टूल पुढे सरकवलं. मी चाकाला हात घातला तसा तो काउंटरवर वाकला आणि कान देऊन ऐकू लागला.