धावजीचा ढावलो

दर रविवारी बबनराव पाहुण्यांना दारव्ह्यातलं जुनं गाव फिरवून दाखवायचे आणि शेवटी जीप तांड्यावर आणायचे. बंजाऱ्यांच्या त्या वस्तीत बघण्यासारखं घर एकच, धावजीचं. होळीत गायच्या लेंग्या रचणारा धावजी सगळ्या तालुक्याला ठाऊक होता. तो गेला आणि त्याची खाट, त्याचा डफ, त्याचा पटका या दाखवायच्या वस्तू झाल्या. त्याची बायको सुखीबाईसुद्धा त्यातलीच एक. तिला भिंतीपाशी बसवलेलं असे.

बबनराव माणूस वाईट नव्हते, पण तिखटमीठ लावल्याशिवाय त्यांना गोष्ट सांगताच येत नसे. "याच दारात," ते सांगत, "रंजितानं सासरी जाताना बापानं रचलेला ढावलो गायला. एकेकाच्या गळ्यात पडून पोरगी अशी रडली, का अख्खा तांडा रडला." मग ते सुखीबाईकडे बघत आणि सुखीबाई मान हलवे.

खरं तर रंजिता गायलीच नव्हती. ढावलो म्हणजे नवरीनं रडत गायचं गाणं. आधी आई, मग काकी, शेवटी बाप. ज्याचा गळा धरायचा त्याच्या वाट्याची ओळ वेगळी. धावजीनं लेकीसाठी जीव ओतून ते रचलं आणि सुखीबाईनं तिच्याकडून घोकून घेतलं. पण लग्नात डीजे लागला, वऱ्हाडातल्या पोरी हसतील म्हणून रंजिताला लाज वाटली आणि ती सरळ गाडीत जाऊन बसली. आपली पाळी येईल म्हणून धावजी पटका सारखा करत दारात उभाच होता. पुढची होळीही त्यानं पाहिली नाही.

ते गाणं एकदा तरी लेकीच्या तोंडून निघावं, एवढंच सुखीबाईला हवं होतं. तसं म्हणायची मात्र तिची कधी छाती झाली नाही.

त्या रविवारी रंजिता माहेरी आली होती. चुलीपाशी भाकरी थापताना तिनं बबनरावांची गोष्ट पहिल्यांदा ऐकली आणि आईला मान हलवताना पाहिलं. जीप गेल्यावर ती पिठाच्या हातांनीच बाहेर आली.

"याडी, तू काहून हो म्हनतं?"

"ते सांगतेत तेवढा वेळ मले खरं वाटते, बाई," सुखीबाई म्हणाली.

रंजितानं आईच्या गळ्यात हात टाकले आणि ढावलो सुरू केला. एक शब्द ती विसरली नव्हती. आईची ओळ झाली. आवाज ऐकून शेजारची काकी धावत आली, तिचीही झाली. सुखीबाईला रडताना बरं वाटत होतं. मग बापाची ओळ आली आणि रंजिता थांबली. तिनं रिकाम्या दाराकडे पाहिलं.

"आता गळा कोनाचा धरू, याडी?"

काकीनं रंजिताला हाताला धरून खाली बसवलं.

पुढच्या रविवारी बबनरावांनी गोष्ट संपवून सवयीनं सुखीबाईकडे पाहिलं. या खेपेला तिची मान हलली नाही.

"सगळ्याईचा झाला, भाऊ," ती म्हणाली. "बापाचा राह्यला."