धक्क्यावरचे बांगडे

डिझेल आणि ओल्या दोरखंडाचा एकत्र वास आला की मला अमेरिकेतल्या मेन राज्यातलं ते चिमुकलं बेट आठवतं. दोन हजार चार साल असेल. मी बॉस्टनला पीएचडी करत होतो आणि मालवणहून आलेली आई माझ्या अपार्टमेंटमध्ये महिनाभर बसून पार वैतागली होती. "माका घराक धाड," हे रोजचंच. म्हणून एका शनिवारी तिला बोटीने तिकडे नेलं. पांढरं दीपगृह, लाकडी घरं, अंगणात रचलेले लॉब्स्टरचे पिंजरे, सगळं मी उत्साहाने दाखवत होतो. पण ती थांबली थेट धक्क्यावर, एका म्हाताऱ्या कोळ्याच्या टेबलापाशी. त्याच्याकडे बांगडे होते, आपल्याकडच्यांपेक्षा हिरवट, पाठीवर नागमोडी पट्ट्यांचे. आईने एकाचा कल्ला उघडून पाहिला आणि कोळ्याच्या तोंडावर मालवणीत म्हणाली, "मेल्या, हे कालचे असत!" "काय म्हणतायत त्या?" त्याने मला इंग्रजीत विचारलं. मी गडबडून म्हणालो, "छान आहेत म्हणते." तो खो खो हसला. "छे! शिळे आहेत म्हणतायत, आणि बरोबर म्हणतायत." मग त्याने स्वतःच्या घरासाठी बाजूला ठेवलेली बादली पुढे केली. आईने बोटाने दाबून दाबून सहा निवडले. परतताना पिशवी मांडीवर घट्ट धरून तिने विचारलं, "ही बोट फुडच्या शनवारी असता काय रे?" आता बाजारात मीही कल्ला उघडतो आणि मासा शिळा निघाला तर मालवणीतच सांगतो. अजून कुणाला भाषांतर लागलेलं नाही.