न कापलेल्या पानांचं पुस्तक

माझ्याकडे इंग्रजी कवितांच्या जुन्या पहिल्या आवृत्त्या आहेत आणि त्यांतली एकही कविता मी वाचलेली नाही.

सुट्टीच्या दुपारी खांदा कॉलनीतल्या आमच्या गॅलरीत बसावं, एखादी आवृत्ती मांडीवर घ्यावी आणि तिचा जुनाट वास घ्यावा. समोरच्या बिल्डिंगमध्ये वाळत घातलेल्या चादरी हळूहळू विलायती कुरणं व्हायला लागतात. (त्यात एक चादर मिकी माउसची आहे, पण तिच्याकडे बघायचं नाही.)

सगळ्यात लाडकं पुस्तक निळ्या कापडी बांधणीचं. पूर्वी छापलेले मोठे कागद घडी घालून तसेच शिवत. पानांच्या जोडलेल्या कडा वाचणाऱ्यानं कापून घ्यायच्या. या पुस्तकाच्या कडा आजवर कुणीही कापल्या नव्हत्या. म्हणजे ते कुणीच वाचलं नव्हतं, आणि म्हणूनच ते दुर्मीळ होतं!

एकदा उरणहून माझे सासरे, अप्पा, आले. इंग्रजीचे निवृत्त मास्तर. येताना पापलेटं आणली होती. मी कोथिंबीर आणायला खाली उतरलो आणि परत येऊन बघतो तर अप्पा गॅलरीत, मांडीवर निळं पुस्तक, हातात सुरी.

"जावईबापू, तुम्हाला फसवलं हो कुणीतरी. सगळी पानं जोडलेली. सोडवली मी."

"सगळी?"

"शेवटची थोडी राहिलीत. झालंच." आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी तीही सोडवली.

"अप्पा, ती सुरी..."

"धुऊन घेतली होती. तरी पहिल्या पानांना जरा पापलेटाचा वास येतोय."

बायकोनं मला स्वयंपाकघरात ओढलं. "एक शब्द बोलू नका. आई गेल्यापासून आज पहिल्यांदा त्यांनी पुस्तक हातात घेतलंय."

"नाही बोलत. पण रडू तरी दे."

"बाथरूममध्ये रडा."

तोंड धुऊन मी गॅलरीत गेलो. अप्पांनी शेजारची खुर्ची पुढे सरकवली. "यातली कुठली वाचलीत?"

"अजून एकही नाही."

"कशी वाचणार, पानं अशी!" त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "बसा. मी वाचतो."

ते वाचू लागले. आधी वर्गात शिकवल्यासारखं, मग हळू, कुणाला तरी एकट्यालाच सांगावं तसं. कुठलीशी नदी होती, संध्याकाळ होती. माझा राग त्या नदीतून कधी वाहून गेला कळलंच नाही. मी डोळे मिटून घेतले.

जेवताना अप्पा मुलीला म्हणाले, "जावई फार रसिक मिळाले गं. ओळीओळीला हुंकार देत होते."

बायकोनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि अप्पांच्या ताटात आणखी एक तुकडी वाढली. मी घोरतो कसा, हे तिला चांगलं माहीत आहे.