बाकावर बसवलेला मुकादम

शिरूर कासारकडच्या पोलीस ठाण्यातला तो लाकडी बाक अजून डोळ्यांपुढून हलत नाही. साल दुष्काळाचं. माझी शाळा सातवीत सुटलेली, तरी गोपनीयचं, म्हणजे माणसांच्या चौकशी-पडताळणीचं, काम माझ्याकडंच होतं.

सरकारी स्फोटकांच्या कारखान्यात निवड झालेल्या एका मुलीची चारित्र्य पडताळणी आली. गुन्हा नाही, वस्तीत नाव चांगलं. शेरा लिहायला घेतला तोच ठाण्याचा फोन वाजला. नाव न सांगता कुणी म्हणालं, "त्या पोरीच्या अंगावर उचल हाय. तपासा."

उचल म्हणजे ऊसतोडीला जाण्याआधी टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे. मुलीनं भावासोबत कोयता लावला होता, म्हणजे दोघांनी जोडीनं तोडीची उचल घेतली होती. भावाचा पाय मोडला, हंगाम अर्धा सुटला, पैसे राहिले.

ठाण्याचे साहेब म्हणाले, "जमादार, फिटलेलं नाही ना? अपात्र लिहा." त्यांचंही चूक नव्हतं. अंगावर पैसे असले की माणसाला कुणीही खेचतं, आणि इथं स्फोटकं हाताळायची होती. मी म्हणालो, "खेचणारा कोण ते बघितल्याशिवाय मी लिहीत नसतो."

मुलीला विचारलं. "हाय की उचल. कावून लपवू?" ताठ बोलली. पण मुकादमाचा विषय काढला की दुसरंच काही बोलायची. घरात लंगडा भाऊ, मुकादम त्याला काही करील म्हणून भ्यायली होती.

टोळीतल्या भांडणाची चौकशी म्हणून मुकादमाला बोलावलं, बाकावर बसवलं आणि काहीच विचारलं नाही. ही माझी जुनी रीत. मी समन्स लिहितोय, चहा पितोय. रिकामा बसलेला माणूस स्वतःशीच भांडतो आणि शेवटी तोंड उघडतो.

दुपारी तो उठलाच. "जमादारसाहेब, उचलीचा फोन आल्यावर पोरीची नोकरी थांबली न्हवं? मग मला कावून बसवलंय?"

फोन करणारा सोडला तर फोनचं फक्त साहेबांना आणि मला माहीत होतं. मी म्हणालो, "फोन आल्याचं तुला कोण बोललं बे?"

त्याचा चेहरा उतरला. मुलीला बोलावून समोर उभं केलं, तेव्हा तिनं सगळं सांगितलं. "ह्यो म्हणला, कारखान्यातून जिलेटिनच्या कांड्या आणून दे, उचल सोडतो. विहिरीत सुरुंग लावून खडक फोडायचा धंदा हाय ह्याचा. म्या म्हणलं, जलमभर ऊस तोडीन, कांडी आणणार न्हाई. त्याचाच राग काढला ह्यानं."

"चेष्टा केल्ती साहेब," मुकादम म्हणाला.

"चेष्टा? मग हस की!" मी म्हणालो.

त्याच्यावर कारवाई झाली. मुलीला मी स्पष्ट सांगितलं, "बाई, हा गेला तरी उचल अशीच राहिली तर उद्या दुसरा येईल." तिनं गावच्या सोसायटीचं कर्ज काढलं. जामीन राहिले टोळीतलेच दोघं. मुकादमाचे पैसे साहेबांसमोर फिटले. कर्ज गेलं नाही, पण दोरी त्याच्या हातातून सुटली.

मी शेरा लिहिला : कर्ज आहे, उघड आहे, हप्ता ठरला आहे. दबाव आला, उमेदवार बधली नाही. साहेबांनी दोनदा वाचून सही केली. मुलगी रुजू झाली, आणि माझ्या शेऱ्याला खाली बघावं लागेल असं तिनं कधी काही केलं नाही. हे मी मान ताठ ठेवून सांगतो.

पुढं कितीतरी पडताळण्या केल्या. कर्ज किती, हे मी नंतर विचारायचो. आधी विचारायचो, त्या पैशाच्या जोरावर तुला कुणी काय करायला सांगितलं, आणि तू काय म्हणालास?