ताई आणि दोन पंखे

आमच्या टॉवेल कारखान्यात प्रत्येकाच्या अंगावर कापसाचं रुवं बसलेलं असायचं. समोरच्याच्या खांद्यावरचं रुवं ताई बोलता बोलता चिमटीत उचलायच्या आणि बॉयलरच्या भट्टीच्या दाराला असलेल्या बोटभर भोकापाशी धरायच्या. ते सुर्रकन आत गेलं की मान हलवायच्या. "ओढ हाय. हवा आत खेचतीय. चला, कामाला लागा." एकदा मालकांच्या शर्टावरचंही असंच उचललं होतं. मालक अवघडून उभे राहिले, एवढंच.

रंगखात्याला वाफ पुरवणारा बॉयलर ताईंच्या ताब्यात होता. पन्नाशी उलटलेल्या, ठेंगण्या, साडीवर खाकी शर्ट. वडील जुन्या गिरणीत बॉयलरवर होते. त्यांचा डबा पोचवता पोचवता ताई आगीपाशी उभं राहायला शिकल्या आणि पुढे सरकारी परीक्षाही पास झाल्या. तोंडी परीक्षेत साहेबांनी विचारलं होतं, "बाई, भट्टी पेटवायच्या आधी काय कराल?"

"आदी धूर वडणारा पंखा चालू. मग हवा फुकणारा. बंद करताना उलटं."

"का?"

"आत घातलेल्या हवेला जायाला जागा नको का साहेब?"

हे त्या आम्हाला इतक्यांदा सांगायच्या, की कॅन्टीनमध्ये आम्ही त्यांची नक्कल करायचो. तुम्हीही केली असती.

मी तेव्हा नुकताच सुपरवायझर म्हणून लागलो होतो. जुळे सोलापूर या शहराच्या नव्या वस्तीतून दुचाकीवर यायचो, इस्त्रीच्या कपड्यांत. एका दुपारी बॉयलरखान्यात उभा असताना धूर ओढणाऱ्या पंख्याचा पट्टा फाडकन तुटला. दुसरा पंखा मात्र हवा फुंकतच होता. दाराच्या फटींतून काळा धूर बाहेर यायला लागला. ताईंनी झेप घेऊन तो पंखा बंद केला, जळण थांबवलं आणि धुराड्याकडच्या वाटेची झडप पूर्ण उघडली. मग हाताची घडी घालून उभ्या राहिल्या.

वाफेचा काटा उतरू लागला. रंगाच्या टाक्यांत गडद निळ्या टॉवेलांचा आख्खा लॉट होता. मॅनेजर धावत आले. "आग मरतेय ताई! नुसत्या उभ्या काय?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "दार उघडा, निखारे हलवा!"

मी लोखंडी दांडा उचलला आणि कडीला हात घातला. ताईंनी माझं मनगट पकडलं.

"हात काडा, दादा."

"अहो, पण साहेब म्हणतात..."

"आत न जळलेला वायू कोंडलाय. दार उगडलं की भडका हुईल. भाईर व्हा समदे."

"लॉट गेला तर जबाबदार कोण?" मॅनेजर ओरडले.

"मी हाय की."

त्यांनी मला भिंतीकडे लोटलं. तेवढ्यात आत धप्प झालं. भोकातून हातभर लांब जाळ बाहेर आला आणि परत आत गेला. माझा चेहरा क्षणापूर्वी तिथंच होता. दार बंद होतं तरी एवढा. उघडं असतं तर काय, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

ताईंनी माझं मनगट सोडलं तेव्हा त्यावर चार बोटं उमटली होती. "तुमच्या आईला म्या काय सांगितलं असतं?" एवढंच म्हणाल्या.

लॉट डागाळला. दुसऱ्या दिवशी मालक आले. मॅनेजरविरुद्ध ताईंनी चकार शब्द काढला नाही. "मालक, वडणारा थांबला की फुकणारा आपोआप थांबंल, असं कायतरी बसवून द्या. दोन वर्षं मागतीय." आठवड्यात बसवून दिलं. परीक्षेतलं त्यांचं उत्तर आता यंत्रालाच पाठ झालं होतं. कॅन्टीनमधली नक्कलही बंद झाली.

गेल्या वर्षी ताई निवृत्त झाल्या. निरोपाला शाल, नारळ, हार तयार, आणि ताईंचा पत्ता नाही. मी शोधत गेटबाहेर गेलो, तर रिक्षा थांबवून त्या धुराड्याच्या टोकाकडे बघत उभ्या.

"काय बघताय ताई?"

"काय दिसतंय का तुमाला?"

मी मान वर केली. बॉयलर चालू होता, तरी धुराचा मागमूस नव्हता. टोकावर हवा तेवढी थरथरत होती, आणि त्या गरम हवेवर एक घार पंखसुद्धा न हलवता वर वर चढत होती.

"काहीच नाही," मी म्हणालो.

"मंग झालं तर," ताई म्हणाल्या आणि रिक्षात बसल्या.