नाशिकचा रेसवाला

लग्न होऊन मी नागापूरला आले तेव्हा तिथली एमआयडीसी नुकती उभी राहत होती. माळावर पत्र्याच्या शेड, मध्येच एखादं ज्वारीचं रान आणि नगरहून मनमाडकडे जाणारा रस्ता. आमचे हे एका लहान वर्कशॉपमध्ये लेथवर होते. गावात दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. तिथे आम्ही दोघं आणि सासूबाई. माझं माहेर कर्जतकडचं, शेतकऱ्याचं. शर्यत म्हणजे बैलांची, एवढंच मला माहीत होतं.

एका सुट्टीच्या दिवशी वर्कशॉपच्या शेठजींचा निरोप आला म्हणून हे घाईने गेले. रस्त्यावर एक ट्रक अडकला होता. त्याच्या मागच्या फाळक्याची, म्हणजे उघडणाऱ्या फळीची, पिन तुटली होती आणि आत ताडपत्रीखाली रेसची मोटार होती. नाशिकचा एक ड्रायव्हर ती घेऊन मद्रासच्या शर्यतीला निघाला होता. ह्यांनी नवी पिन करायला घेतली. जवळपास हॉटेल उघडं नव्हतं, म्हणून ड्रायव्हरला जेवायला आमच्या घरी पाठवून दिलं.

रेसवाला म्हटल्यावर मला वाटलं, कोणी रुबाबदार माणूस येईल. आला तो तिशीचा, काटकुळा, कोपरापर्यंत ग्रीस लागलेला. हात धुवायला त्याने साबणाबरोबर थोडी राख मागून घेतली, मांडी घालून बसला आणि पिठलं-भाकरी मनापासून जेवला. सासूबाईंनी त्याला विचारलं, एवढ्या जोरात गाडी पळवायची, तर भ्या वाटत नाही का? तो आधी हसला. मग भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणाला, "वाटतं की, आजी. गाडीत बसलो की पाय कापायला लागतात. शर्यत सुटायचा झेंडा पडेपर्यंत कापतात. घरी कुणाला बोललो नाही अजून."

मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. मला भीती वाटते असं जेवताना सांगणारा पुरुष मी तोवर पाहिला नव्हता. माझे वडील, भाऊ, चुलते, कुणाच्याच तोंडून असं काही ऐकलं नव्हतं. ट्रकपाशी थांबलेल्या त्याच्या मदतनिसासाठी भाकरी बांधून दिली, तो गेला, आणि मी भांडी घासायला बसले. पण तेव्हापासून मी त्याच्या बाजूची झाले, एवढं खरं.

त्या शर्यतीत तो तिसरा आला. हे वर्कशॉपच्या ऑफिसातून पेपर घेऊन आले आणि येताना पेढेही आणले. मद्रासपर्यंत फाळका टिकला तो आपल्या पिनेमुळे, म्हणजे तिसऱ्या नंबरात थोडा वाटा आपलाही, असा त्यांचा हिशोब होता. वर्कशॉपमधल्या सगळ्यांना त्यांनी नाशिकच्या रेसवाल्याचं वेड लावलं.

पुढच्या वर्षी त्याचा गिअरबॉक्स गेला. त्यानंतर कुठल्याशा शर्यतीत गाडी गरगर फिरून कडेला रचलेल्या गवताच्या पेंढ्यांत घुसली. मग एकदा तर ती जागेवरून हललीच नाही. पेपरात एक ओळ यायची, कधी तीही नसायची. वर्कशॉपमधले ह्यांना विचारायचे, तुमच्या पाहुण्याला आता बैल द्यायचे का जोडून? ह्यांना ते लागायचं. हळूहळू ह्यांनी कलकत्त्याच्या एका ड्रायव्हरचं नाव घ्यायला सुरुवात केली. त्याच्याकडे विलायती गाडी होती आणि तो सारखा जिंकत होता.

दुष्काळाचं वर्ष होतं. माझ्या माहेरची माणसं खडी फोडायच्या कामावर जात होती, नागापुरात पाण्यासाठी रांगा लागत होत्या. अशा दिवसांत मोटारींच्या शर्यतीवरून आमच्या घरात वाद व्हायचा, हे आज सांगताना विचित्र वाटतं. पण व्हायचा. मी पेपरात काय आलंय ते विचारलं की हे चिडायचे. एकदा म्हणाले, "हरणाऱ्याची वाट किती दिवस बघायची?"

मी म्हणाले, "तुमी जावा जिंकणाऱ्याकडं. मी हाय तिथं बरी हाय."

सासूबाई माझ्या बाजूने होत्या. त्यांना जिंकण्या-हरण्यातलं काही कळत नव्हतं. पोरगं नीट जेवलं होतं आणि जाताना पाया पडलं होतं, तेवढं त्यांना पुरे होतं.

पाऊसपाणी बरं झाल्यावर ह्यांच्या मावसभावाने मुंबईला बोलावलं. विमानतळाच्या जुन्या धावपट्टीवर मोटारींची शर्यत होती आणि कलकत्तेवाला येणार होता. नाशिकवालाही असेल म्हणून मी पण निघाले. दोरीच्या अलीकडे उन्हात उभं राहिलो. आवाज एवढा की छातीत घुमायचा. नाशिकवाल्याची गाडी लाल होती, रंग जागोजाग उडालेला. तिसऱ्या-चौथ्या फेरीलाच तिच्यातून धूर निघाला आणि ती कडेला थांबली. मदतनीस धावला, दोघांनी काहीबाही केलं आणि ती पुन्हा निघाली. पण खोकत खोकत. कलकत्तेवाला जिंकला. मागोमाग एकेक गाडी आली. लोक टाळ्या वाजवून पांगायला लागले, आइस्क्रीमवाला गाडी ढकलत निघाला. हे म्हणाले, "चल, एस.टी. चुकेल."

"त्यांची गाडी येऊ द्या."

"तो शेवटचा आहे, त्यात काय बघायचंय?"

मी हलले नाही. हेही मग थांबले, तोंड दुसरीकडे करून. बऱ्याच वेळाने लाल गाडी वळणावर दिसली. झेंडेवाला अजून जागेवर होता. त्याने झेंडा हलवला, मी टाळ्या वाजवल्या. माझ्याशिवाय कुणी वाजवल्याचं आठवत नाही.

दोरी काढल्यावर हे मला त्याच्याकडे घेऊन गेले. ह्यांना त्याने ओळखलं, फाळक्याची पिन अजून तीच आहे म्हणाला. माझ्याकडे पाहून नुसता नमस्कार केला. मी त्याच्या ध्यानात नव्हते. मला काय वाटलं कोण जाणे, मी विचारलं, "आज पाय कापले का?"

तो बघत राहिला. मग त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. "कापले की वहिनी. झेंडा पडला तसे थांबले. मग गाडीच थांबली." आणि विचारलं, "आजी कशा आहेत?"

परतीच्या एस.टी.त ह्यांनी मला पायांचं काय ते विचारलं. मी सगळं सांगितलं. माळशेज चढून गेल्यावर हे म्हणाले, "मला कधी बोलला नाही." मी म्हटलं, तुम्ही पिन करत होता.

पुढच्या हंगामात हे पेपर घेऊन आले आणि चुलीपाशी बसून शर्यतीची बातमी वरपासून खालपर्यंत वाचली. मग म्हणाले, "आपला दिसत नाही यंदा." कोण जिंकलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. नंतर एका ट्रकवाल्याकडून कळलं की नाशिकवाल्याने ती गाडी विकली आणि नाशिकला गॅरेज काढलं. गॅरेज बरं चालतं म्हणाला. मी ते सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, बरं झालं, आता जेवत तरी असेल वेळेवर.